आधी वही उघडा, मग थैली फिरवा

यावेळी जी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत त्यातले निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे, दानार्पण. आणि बहुतेक सगळे नव्या मंडळ्यांमधून म्हणजे नव्या चर्चमधून, शहादा, शिरपूर, चोपडा, नवापूर या बाजूचे, म्हणून हा अख्खा रकाना त्यालाच देऊन टाकते. नावं छापत नाही. लहान गावात पैशावर कोणी प्रश्न विचारला हे कळलं की माणसाचं रविवारी चर्चला जाणं अवघड होतं.

प्रश्न : सप्रेम सलाम ताई. आमची मंडळी तीन वर्षांची, शहादा तालुक्यात, तीसेक घरं. बरेचसे मजूर, थोडे कापूस-मिरचीवाले छोटे शेतकरी. दिवाळी झाली की निम्मी घरं गुजरातला ऊसतोडीला जातात. रविवारी थैलीत तीनशे-साडेतीनशे पडतात, कधी दीडशेच. एक संस्था आतापर्यंत माझं मानधन आणि हॉलचं भाडं देत होती, त्यांनी कळवलंय की येत्या मार्चनंतर जमणार नाही. मी दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यावर, लागोपाठ प्रवचनं केली, बायबलातलं मलाखीचं पुस्तक घेऊन, तर उलट पाच-सहा घरं यायचीच कमी झाली. एका म्हाताऱ्या बाबांनी तोंडावर विचारलं, 'आमनाकडे काय शे देवाले?' म्हणजे आमच्याकडे द्यायला आहे काय. मला उत्तर सुचलं नाही. गरिबाकडे मागायचं तरी कसं? – एक पाळक

उत्तर : सलाम पास्टर. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एक गोष्ट खटकली ती आधी विचारते, संस्थेचं ते पत्र आलंय हे मंडळीला माहीत आहे का? तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही की मी लोकांना सांगितलं. माझा अंदाज असा की फक्त तुम्हाला आणि फार तर घरच्यांना माहीत असेल. म्हणजे लोकांच्या बाजूने बघा, तीन वर्षं हॉल आहे, लाइट आहे, पास्टर आहे, नाताळाला जेवण आहे, हे कुठून येतं कोणी कधी बोललं नाही, आणि एकदम एका रविवारी मलाखीचा तिसरा अध्याय, 'तुम्ही देवाला लुबाडता'. ज्या माणसाला मुकादम लुबाडतो, व्यापारी काट्यावर लुबाडतो, सावकार व्याजात लुबाडतो त्यालाच आपण लुबाडणारा म्हणून मोकळे झालो. मी असते तर मीपण दोन रविवार घरीच बसले असते.

तर पहिलं काम, ते पत्र येत्या रविवारी उपासना झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवा. सगळ्यांसमोर, बायका-मुलांसकट. मग भाडं किती, लाइट बिल किती, तुमचं मानधन किती, सतरंज्या कोणी दिल्या, माइक कोणाच्या पैशाचा, सगळं एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा. स्वतःचं मानधन लिहायला लाज वाटेल, पण लिहा. त्या दिवशी काही मागू नका, फक्त विचारा की आपण काय करायचं, आणि गप्प बसा. आपल्याकडे गप्प बसणं पाळकांना जमत नाही हे माहीत आहे, तरी बसा.

आपल्या खान्देशात याचा एक जुना इतिहास आहे. शंभरेक वर्षांपूर्वी स्वीडन-अमेरिकेहून मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, बोर्डिंग चालवलं, आणि पाळकाचा पगारही मिशनच्या बंगल्यातूनच यायचा. कामं खूप मोठी झाली यात वाद नाही. पण दोन-तीन पिढ्या लोकांच्या डोक्यात बसलं की चर्च म्हणजे देणारी जागा, आपण घ्यायला जायचं. ही खंत आजची नाही, ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यामागेही आपल्या लोकांचं चर्च आपल्या लोकांनी उभं करावं हीच तळमळ होती. तुमची मंडळी तर फक्त तीन वर्षांची आहे, एवढ्यात सवय पक्की झालेली नसते.

आता त्या बाबांचं. त्यांचा प्रश्न मला रागाचा वाटत नाही, खरा वाटतो. तुम्ही त्यांच्याकडे महिन्याचे दहा टक्के रोख मागितले आणि महिन्याचा पगार ही गोष्टच त्यांच्या आयुष्यात नाही. ऊसतोडीची उचल ते दसऱ्या-दिवाळीच्या आधीच घेतात, ती जुन्या देण्यात आणि लग्नकार्यात संपते, मग चार-पाच महिने ती फेडत राबायचं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला परत आलं तर हातात काय, कधी थोडं उरतं कधी पुढच्या वर्षाचं देणं उरतं. सालदाराचं सालही आखाजीला ठरतं. कापूसवाल्याकडे पैसा दसऱ्यानंतर फिरतो, आणि जून ते ऑगस्ट बियाणं, खत, पोरांच्या वह्या, तेव्हा कोणाकडेच काही नसतं. आषाढात दशांशावर प्रवचन करून काय निघणार? आधी तुमच्या तीस घरांमध्ये कोणाकडे कोणत्या महिन्यात काय येतं ते लिहून काढा. तुरी कोणाकडे, बाजरी कोणाकडे, कोंबड्या कोणाकडे, मोहाची फुलं कोण वेचतं, गवंडीकाम कोणाला येतं. बाबांकडे काय आहे ते या यादीतून निघेल आणि तुम्हाला त्यांना उत्तर द्यायची गरजच पडणार नाही.

तसं बघितलं तर नियमशास्त्रातला दशांश हा मुळात धान्य, द्राक्षारस, तेल, गुरंढोरं असाच होता, पिकाच्या वेळी द्यायचा. आणि बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाचा शेवट वाचा, दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी, परदेशी, अनाथ, विधवा यांनी पोटभर खायचं. म्हणजे हिशोबाने तुमच्या मंडळीतली निम्मी माणसं तो दशांश घेणाऱ्यांच्या रांगेत बसतात. हे कोणी प्रवचनात सांगत नाही. माझं मत विचाराल तर पगारदार माणसाला दशांश ही चांगली शिस्त आहे, सुरुवात कुठून करायची ते कळतं. पण ती मंडळीच्या सभासदत्वाची फी नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात दानाबद्दल दोन अख्खे अध्याय लिहिले, आठवा आणि नववा, आणि त्यात टक्का कुठेच नाही, 'प्रत्येकाने आपआपल्या मनात ठरवल्याप्रमाणे' एवढंच आहे, आणि ज्याच्याकडे जे नाही ते मागितलेलं नाही. आणि उदाहरण कोणाचं दिलं, तर मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचं, ज्यांनी स्वतःच मागे लागून आम्हालाही द्यायचंय म्हणून विनवलं. गरिबाला द्यायला सांगणं हा जुलूम आणि गरिबाकडून कधीच काही न घेणं ही दया, असं तुम्हाला वाटत असेल तर हा आठवा अध्याय सावकाश वाचा.

एक करून बघण्यासारखं सांगते. मिझोराममध्ये शंभराहून जास्त वर्षं एक पद्धत चालू आहे, घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ काढते तेव्हा एक मूठ वेगळी ठेवते, ते चर्चचं. तिकडे मिझो भाषेत त्याला 'बुहफाय थम' म्हणतात. आठवडाभराचे तांदूळ मंडळीच्या बायका घरोघरी जाऊन गोळा करतात, विकतात, आणि या मुठी-मुठीतून त्या चर्चचे मिशनरी बाहेरच्या राज्यांमध्ये काम करतात. तो भागही काही श्रीमंत नव्हता. आता तुमचा हिशोब करा. मूठभर बाजरी-ज्वारी म्हणजे पन्नासेक ग्रॅम धरा, दोन वेळचे शंभर, महिन्याचे तीन किलो. तीस घरांचे नव्वद किलो. तीस रुपये किलोने विकली तरी सत्तावीसशे. भाडं आणि लाइट बिल त्यातून सुटत असेल तर बघा, आणि कोणाच्याही ताटातली भाकर कमी झालेली नाही. दिवाळीनंतर घरं कमी होतील तेव्हा हे निम्म्यावर येईल हे आधीच धरून चाला. एक सांभाळा, रेशनचं धान्य यात आलं तर ते बाजारात विकू नका, ते नियमात बसत नाही, ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि ज्या घरात आजारपण आहे तिथे द्या. आणि हे काम बायकांच्या हातात द्या, पुरुषांच्या कमिटीकडे नको. बचत गट चालवून चालवून आपल्या बायकांना गोळा करणं, मोजणं, लिहिणं सगळं येतं.

श्रमदानपण लिहून ठेवा. पावसाळ्याआधी कोणी छपराचे पत्रे बदलले, कोणी सतरंज्या धुतल्या, कोणी आजाऱ्याला मोटरसायकलवर शहाद्याच्या दवाखान्यात नेलं, ते अर्पणच आहे आणि महिन्याच्या हिशोबात ते वाचलं गेलं पाहिजे, रकमेशिवाय.

जे कर्जात आहेत त्यांना मात्र सरळ सांगा, आधी सावकाराचं द्या. रोमकरांच्या तेराव्या अध्यायात कोणाच्या ऋणात राहू नका असं लिहिलंय. देवाला दिलं की देव कर्ज फेडेल असलं काही शिकवू नका, व्याज चढत राहतं आणि घर मोडतं.

तुमच्या स्वतःच्या मानधनाबद्दल खोटा धीर देणार नाही. मार्चपर्यंत तीस मजूर घरांतून पाळकाचं पूर्ण मानधन निघणं कठीण आहे. संस्थेला लिहा की एकदम तोडू नका, दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि सोबत तुमच्या मंडळीचा हिशोब जोडा, आम्ही एवढं उचलतोय असं दिसलं की संस्थाही ऐकते. नाही ऐकलं तर आठवड्यातले काही दिवस काम करा. पौल करिंथात अक्विल्लाबरोबर तंबू शिवत होता, तुम्ही शेती करा, शिकवणी घ्या, दुकानात बसा, त्यात कमीपणा नाही आणि लोकांना तुमचं ऐकावंसंही वाटेल. आणि तुम्ही स्वतः देता का? गणनाच्या अठराव्या अध्यायात लेव्यांनाही मिळालेल्या दशांशाचा दशांश काढायचा होता. पाळकाचं पाकीट थैलीत पडताना दिसायला नको, पण वहीत असायला हवं.

प्रश्न : मी एका नव्या मंडळीचा खजिनदार, जळगाव जिल्हा. नावालाच खजिनदार, कारण थैलीतले पैसे पास्टर घरी नेतात आणि आता हॉलमध्ये जो क्यूआर कोड लावलाय तो त्यांच्या स्वतःच्या खात्याचा आहे. माणूस चांगला आहे, खोटं करणारा नाही. पण मी विषय काढला तर म्हणाले, देवाच्या सेवकावर संशय घेतोस का. मी काय करू?

उत्तर : माणूस चांगला आहे म्हणूनच आज बोला. चांगल्या माणसाला वाचवायलाच हिशोब असतो, वाईट माणूस तर हिशोब असूनही वाट काढतो. उद्या कोणी उठून आरोप केला तर तुमच्या पास्टरकडे दाखवायला काय आहे? त्यांच्या खात्यात घरखर्च, पोराची फी, गॅस सबसिडी आणि मंडळीचं दान सगळं एकत्र झालेलं, इन्कम टॅक्सवाल्याने विचारलं तर ती सगळी त्यांचीच कमाई दिसणार.

त्यांना २ राजेचा बारावा अध्याय दाखवा. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजक गोळा करत होते आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नव्हती. चोरी केली असं तिथे लिहिलेलं नाही, नुसती दुरुस्ती झाली नाही एवढंच. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं, वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजायचे. दोघं, एकटा कोणी नाही, मुख्य याजकसुद्धा नाही. त्याच अध्यायाची पंधरावी ओळ कोणीतरी तुम्हाला नक्की दाखवेल की तिथे हिशोब मागत नव्हते म्हणून. तो न मागितलेला हिशोब कामावरच्या मुकादमांचा होता, याजकांचा नव्हे. आणि पौलाचं २ करिंथ आठ बघा, दानाची रक्कम न्यायला त्याने मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून. पौलावर कोणी संशय घेतला होता का?

व्यवहारात असं करा. उपासना संपली की तिथेच तीन जणांनी मोजायचं, एकमेकांच्या नात्यातले नकोत, आणि निदान एक बाई असावी. रक्कम वहीत अंकी आणि अक्षरी, तिघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. क्यूआर कोड आजच काढा. मंडळीचं खातं उघडायला नोंदणी लागते, त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो, मग ट्रस्टच्या नावाचं पॅन, मग खातं, आणि पैसे काढायला दोन सह्या. वेळ लागतो, हेलपाटे होतात, नोंदणीनंतर दरवर्षीचे हिशोब आणि विश्वस्त बदलले की त्याचा बदल अर्ज हेही मागे लागतं, पण पर्याय नाही. तोपर्यंत दोन कुलपांची पेटी, दोन किल्ल्या दोन घरी, आणि छापील पावतीबुक.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च वाचा. पाच मिनिटं लागतात. नव्या मंडळीत दान का वाढत नाही याचं कारण नव्वद प्रवचनांमध्ये सापडत नाही ते या पाच मिनिटांमध्ये सापडतं, हे मी बँकेत नोकरी करून आणि चर्चची खजिनदारी करून सांगतेय. अजून एक, गावात आपल्याबद्दल बोललं जातं की यांना बाहेरून पैसे येतात म्हणून हे चर्चला जातात. भांडत बसण्यापेक्षा भिंतीवरचा कागद दाखवा, रविवारचे चारशे दहा रुपये आणि नव्वद किलो बाजरी.

प्रश्न : यूट्यूबवर एक प्रचारक सांगतात की अकराशे रुपयांचं बीज पेरा, शंभरपट मिळेल, आणि खाली नंबर देतात. आमच्या मंडळीतल्या दोघी-तिघींनी पाठवले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, बोगस बियाणं पाकिटावरच्या चित्रावरून ओळखू येत नाही एवढं तरी आपल्याला कळायला हवं. शंभरपटीची गोष्ट पेरणाऱ्याच्या दाखल्यात आहे आणि तिथे बी म्हणजे देवाचं वचन आहे, येशूने ते स्वतः समजावून सांगितलंय, त्यात कोणाचा मोबाईल नंबर नाही. ज्या बहिणींनी पाठवले त्यांना रागावू नका, बहुतेकींच्या घरी कोणी आजारी असेल किंवा पोराला नोकरी नसेल. त्यांच्या घरी जा.

प्रश्न : ताई, मी दोन वर्षांपासून विश्वासात आहे, माझे मिस्टर विश्वासात नाहीत. ते त्रास देत नाहीत, चर्चला जाऊ देतात, पण चर्चला पैसे दिलेले त्यांना आवडत नाही. मी घरखर्चातून थोडे थोडे बाजूला काढून दशांश देते, त्यांना न सांगता. मनाला टोचतं. बंद केलं तर देवाचा राग होईल का? – एक बहीण, चोपडा

उत्तर : बहिणी, टोचतंय ते बरोबरच टोचतंय. किराण्यासाठी म्हणून दिलेले पैसे तुम्ही दुसरीकडे दिले आणि ते उद्या कळलं तर त्यांच्या मनात चर्चचं नाव कायमचं खराब होईल, आणि आज जे जाऊ देतात ते थांबेल. ते बंद करा. देवाचा राग होणार नाही. येशूने तर उलट अशा लोकांवर राग काढलाय जे 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावाने पैसा वेगळा काढत आणि आईबापाला उपाशी ठेवत, मार्कच्या सातव्या अध्यायात आहे.

पण तुमचं स्वतःचं काही आहे का? कापूस वेचायला जाता तेव्हा किलोमागे जी मजुरी मिळते ती तुमच्या हातात येते का? गटातले पैसे, शिवणकामाचे, दूध घालत असाल तर त्याचे? लूकच्या आठव्या अध्यायात हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि अजून कितीतरी बायका आपल्या जवळच्या पैशातून येशूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. नवरा राजवाड्यात नोकरीला आणि बायको येशूच्या मागे, घरात काय बोलणं होत असेल याचा मी कधी कधी विचार करते. तर तुमच्या कमाईतलं द्या, आणि तेही मिस्टरांना सांगून द्या. 'माझ्या वेचणीच्या पैशातून पन्नास रुपये देतेय' असं सरळ बोलून बघा. बहुतेक वेळा माणूस रकमेला नाही, लपवण्याला चिडतो. नाहीच म्हणाले तर वाद घालू नका. शनिवारी संध्याकाळी हॉल झाडून या, कोणी बाळंतीण असेल तिला भाकरी करून द्या.

आणि तुमच्या पास्टरांनी विचारलं की दशांश का थांबला, तर हा अंक त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : आमच्या एका आदिवासी भावाला त्याच्या शेतातले दोन गुंठे चर्चसाठी द्यायचेत. पास्टर म्हणतात स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ, बस झालं. चालेल का? – नवापूर तालुका

उत्तर : चालणार नाही, थांबा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विकत, बक्षीस, कशीही जायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे परवानगी लागते, कायमची द्यायची तर कलेक्टर आणि त्याच्यावर सरकारची पूर्वमान्यता. ट्रस्ट काही आदिवासी व्यक्ती नाही. शिवाय शेतजमीन शेतकरी नसलेल्याला द्यायची तर त्याचे वेगळे नियम, बांधकामाला बिनशेतीचा प्रश्न वेगळा. स्टॅम्प पेपरवर लिहून वर पत्र्याचं चर्च उभं केलं आणि दहा वर्षांनी त्या भावाच्या मुलांनी हक्क सांगितला तर मुलं कायद्याने बरोबर ठरतील. दुसरा धोका उलटा, पास्टर स्वतः आदिवासी असतील तर कोणीतरी म्हणेल त्यांच्याच नावावर करू, ते तर अजिबात नको, देवळाची जागा एका माणसाच्या सातबाऱ्यावर गेली की ती त्याच्या वारसांची.

त्या भावाचं मन मोठं आहे, ते असं कागदात अडकवून मोडू नका. त्याला विचारा की त्या दोन गुंठ्यांत जे पिकेल ते दरवर्षी चर्चला देशील का. नवापूरची तूर चांगलीच असते, भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. जमीन त्याच्याच नावावर राहील. आणि महसुलाची कामं करणाऱ्या चांगल्या वकिलाला भेटा, फी मंडळीने भरायची, त्या भावाने नाही.

प्रश्न : माझा भाऊ दुबईत नोकरीला आहे, त्याला आमच्या चर्चच्या छपरासाठी पैसे पाठवायचेत. एफसीआरए, म्हणजे परदेशी दानाचा कायदा, लागेल का?

उत्तर : भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे तो बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परदेशी दान धरत नाहीत. तो परदेशी नागरिक झाला असेल, किंवा तिथल्या चर्चमध्ये वर्गणी करून पाठवणार असेल, तर ते परदेशी दान आणि मग २०१०चा एफसीआरए कायदा लागतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर असं दान फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतं आणि नोंदणी असलेली संस्था ते दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. म्हणजे 'अमुक संस्थेच्या खात्यात मागव, ते आपल्याला देतील' हा मार्गपण बंद. भावाच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि त्याची चिठ्ठी पावतीला जोडून ठेवा.

प्रश्न : मोठे देणगीदार असतील तर त्यांची नावं रविवारी वाचावीत असं कमिटीत एकाचं म्हणणं आहे, त्याने बाकीच्यांना प्रोत्साहन मिळेल.

उत्तर : ज्याचं म्हणणं आहे त्याचंच नाव यादीत पहिलं असेल. नका वाचू. मत्तयाचा सहावा अध्याय पुरे आहे. एकूण जमा वाचा, पावती ज्याची त्याला द्या.

प्रश्न : आमच्या नव्या मंडळीत यंदा पहिल्यांदा हंगामाचा सण करतोय, दिवाळीच्या आधीच्या रविवारी. लोक जे आणतील त्याचा लिलाव करायचा. जुन्या चर्चमध्ये बघितलंय की एक नारळ पाचशेला जातो, घेणारा परत देतो, परत बोली लागते. मजा येते. पण आमच्याकडे गरीब लोक जास्त, त्यांना बोली लावता येणार नाही, ते नुसते बघत बसतील का? – पारोळा बाजू

उत्तर : करा, जरूर करा, आणि तारीख छान धरलीत, ऊसतोडीवाले निघायच्या आत. रोख पैशाच्या थैलीपेक्षा या एका दिवशी लोक जास्त शिकतात, कारण या दिवशी ज्याच्याकडे फक्त दोन वांगी आहेत तोही घेऊन येतो. बसून बघण्याचं म्हणाल तर दोन गोष्टी सांभाळा. वस्तू आणणाऱ्याने स्वतः पुढे येऊन ठेवायची, मग ती भोपळा असो की पाच अंडी, आणि प्रार्थना सगळं मांडून झाल्यावर एकदाच. पहिला तास मोठ्या बोल्या नकोत, बाजरी, तूर, मिरची, भरताची वांगी हे बाजारभावाला किंवा जरा कमीने विका, म्हणजे मजूर बाईपण घरी काहीतरी घेऊन जाते आणि तिचे वीस रुपयेसुद्धा बोलीच असतात. नारळाची आणि कोंबड्याची गंमत शेवटी ठेवा, ज्यांना हौस आहे ते लावतील पाचशे-हजार, जळगावहून-पुण्याहून सुट्टीला आलेली नोकरीवाली पोरं असतात, त्यांना जरूर चढवा. लिलाव पुकारायला पास्टर नको, कोणीतरी तोंडाळ आणि हसरा माणूस हवा, असा एक प्रत्येक मंडळीत असतोच. लेवीय एकोणीसमधली शेताच्या कडा गरिबासाठी सोडायची आज्ञा आधी वाचली तर बरं, म्हणजे आलेल्या धान्यातलं एक पोतं न विकता बाजूला ठेवायला लोक स्वतःच सुचवतील.

आणि बोलीच्या भरात 'लिहून घ्या, नंतर देतो' म्हणणारे निघतात, त्यांना वस्तू पैसे दिल्यावरच द्या. कोंबडा जिवंत असेल तर त्याला त्या वेळेपर्यंत दाणे कोण घालणार तेही आधी ठरवा.